दोन ग्रामपंचायती, दोन निकाल

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आणि जळगाव जिल्ह्यातलं विचखेडा. एक साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी पट्ट्यात. दुसरं पारोळा तालुक्यात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. एका गावातून फौजदारी खटला उभा राहिला, दुसऱ्या गावातून अपात्रतेचा वाद निघाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण दोन्ही ठिकाणी मूळ गोष्ट ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घडली. राईनपाड्यात त्या खोलीत पाच निरपराध माणसं ठेचून मारली गेली. विचखेड्यात तिथल्या खुर्चीवरून निवडून आलेल्या बाईला खाली उतरवण्यात आलं.

कायद्याची पुस्तकं निकाल सांगतात आणि थांबतात. अमुक विरुद्ध तमुक, खंडपीठ, तारीख, तत्त्व. वकिलाला तेवढं पुरतं. गावातल्या माणसाला पुरत नाही, कारण त्याचा प्रश्न वेगळा असतो: दिल्लीत जे ठरलं ते माझ्या तालुक्यापर्यंत कधी येणार, आणि कोण आणणार? संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा देशातल्या प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक आहे. अनुच्छेद १४४ तर सगळ्या मुलकी अधिकाऱ्यांनाही त्याच्या साहाय्याला उभं राहायला सांगतो. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात काय होतं, ते या दोन गावांवरून नीट कळतं.

आधी विचखेडा.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली गेली आणि निवडून आलेल्या सदस्यांनी फेब्रुवारीत आपापले सरपंच निवडले. विचखेड्यात महिलेसाठी राखीव असलेल्या या पदावर मनीषा पानपाटील बसल्या. थोड्याच काळात गावातल्या काही जणांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: सरपंचबाई ज्या घरात सासूसोबत राहतात ते घर सरकारी जमिनीवर आहे, म्हणून त्यांना अपात्र ठरवा.

या अर्जाला आधार होता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) चा. गावच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हे कलम तोंडपाठ असतं. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती ग्रामपंचायतीची सदस्य राहू शकत नाही, एवढंच ते सांगतं. हेतू चांगला आहे. ज्याने गायरान ढापलं त्यानेच गायरानाचं रक्षण करायचं, हे कोणत्याही कायद्याला मान्य होणार नाही. पण खानदेशातलं कुठलंही जुनं गाव फिरून पाहा. गावठाणाची हद्द कुठे संपते ते भूमी अभिलेखच्या नकाशात दिसतं, जमिनीवर दिसत नाही. कुणाचा ओटा रस्त्यात आलेला, कुणाचा गोठा गावठाणाबाहेर, कुणाच्या आज्याने बांधलेली भिंत ग्रामपंचायतीच्या जागेत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि वर्षानुवर्षं कुणी बोलत नाही. निवडणूक झाली की हरलेल्या पॅनलला नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा आठवतो.

त्यात बायकांची अडचण वेगळीच आहे. पुरुष ज्या घरात राहतो ते त्याच्या बापजाद्यांचं असतं, आणि ते कसं, कुणाच्या जागेवर बांधलं हे त्याला तरी ठाऊक असतं. सून त्या घरात लग्न होऊन येते. घर आधीच उभं असतं. त्याचा सातबारा, त्याची नोंद, त्याचं अतिक्रमण यातलं काहीच तिच्या हातात नसतं, आणि अनेकदा तिच्या नावावरही काही नसतं. अपात्रतेची नोटीस मात्र तिच्या नावाने निघते.

२०१७ मध्ये सागर धुंदरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ मर्यादित ठेवला होता. ज्याने स्वतः पहिल्यांदा अतिक्रमण केलं तोच अपात्र, त्याचे कुटुंबीय नव्हेत. वर्षभरातच, सप्टेंबर २०१८ मध्ये, जनाबाई प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो अर्थ बाजूला सारला. अतिक्रमण करून मिळवलेली जागा जो पुढे वापरत राहतो तोही अतिक्रमण करणाराच, नाहीतर बापाने जमीन बळकवायची आणि मुलाने सरपंच व्हायचं असा मार्ग खुला राहील, अशी त्यामागची भूमिका. तर्क पक्का आहे, आणि मुलाच्या बाबतीत मला तो पटतो. सुनेच्या बाबतीत मात्र तो फार जड पडतो.

विचखेड्याच्या सरपंचांचं म्हणणं साधं होतं: मी त्या घरात राहतच नाही. नवरा आणि मुलांसोबत वेगळी, भाड्याच्या घरात राहते. ज्या घराबद्दल तक्रार आहे ते इतकं पडझडीला आलेलं आहे की तिथे राहणं शक्यच नाही. हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता आणि तो गावात जाऊन सुटण्यासारखा होता. भाड्याचं घर आहे की नाही, मालक कोण, चूल कुठे पेटते, मुलं कुठून शाळेत जातात हे अर्ध्या दिवसाच्या पंचनाम्यात कळलं असतं. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली.

ही वाट नकाशावर पाहण्यासारखी आहे. जळगाव आणि धुळे महसुलासाठी नाशिक विभागात येतात, म्हणून आयुक्तांकडचं अपील नाशिकला. उच्च न्यायालयासाठी मात्र हे जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत, म्हणून याचिका वेगळ्याच दिशेला, छत्रपती संभाजीनगरला. तिथे हरलं की अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका घेऊन दिल्ली. पारोळा तालुक्यातल्या एका बाईला आपण भाड्याच्या घरात राहतो एवढं सांगण्यासाठी जळगाव, नाशिक, संभाजीनगर आणि दिल्ली अशी चार दारं ठोठवावी लागली. प्रत्येक ठिकाणी वकील, वकीलपत्र, प्रमाणित प्रती, तारखा. या वाटेवर किती सरपंचबाई पहिल्याच मुक्कामाला घरी परतत असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

२७ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने अपात्रतेचे सगळे आदेश रद्द केले आणि मुदत संपेपर्यंत त्यांना सरपंचपदी राहू देण्याचा आदेश दिला. निकालपत्र लहान आहे, पण त्याचा सूर न्यायालयाच्या नेहमीच्या सुरापेक्षा उघड आहे. गावकऱ्यांना बाई सरपंच झाली हे पचलं नाही, ती आपल्या वतीने निर्णय घेणार आणि ते आपल्याला पाळावे लागणार हे सहन झालं नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. तिच्या कामात खोट सापडत नाही म्हटल्यावर तिला खुर्चीवरून काढण्याचा हा दुसरा मार्ग शोधला गेला, असं निरीक्षणही नोंदवलं. आणि गावकऱ्यांपेक्षाही कडक शब्द अधिकाऱ्यांसाठी वापरले: आरोपांची शहानिशा न करता, यांत्रिकपणे, थोडक्यात आटोपलेले आदेश. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला पदावरून दूर करणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही, आणि ती प्रतिनिधी राखीव जागेवर आलेली बाई असेल तेव्हा तर नाहीच.

या निकालाच्या बातम्या आल्या तेव्हा अनेकांचा समज झाला की आता सासरच्या अतिक्रमणावरून सुनेला अपात्र करता येणार नाही. तसं झालेलं नाही, आणि हे गावोगावच्या सदस्य महिलांनी नीट समजून घ्यायला हवं. जनाबाई निकाल तीन न्यायमूर्तींचा आहे. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ तो बदलू शकत नाही आणि या खंडपीठाने बदललेलाही नाही. सुटका झाली ती वस्तुस्थितीवर: त्या तिथे राहतात हे सिद्धच झालं नव्हतं. उद्या दुसऱ्या गावची सरपंच खरोखरच सासऱ्याने सरकारी जागेत बांधलेल्या घरात नांदत असेल, तर विचखेड्याचा निकाल तिला आपोआप वाचवणार नाही. तिला मिळालं आहे ते एवढंच, पण तेही थोडं नाही: पुराव्याशिवाय, चौकशीशिवाय आणि घाईने आपल्याला काढता येणार नाही, हे ठणकावून सांगण्याचा हक्क. पुढचं काम विधिमंडळाचं आहे. स्वतः अतिक्रमण करणारा आणि लग्नाने त्या घरात आलेली, यांत कायद्यानेच फरक करायला हवा.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. म्हणजे हा प्रश्न हजारो घरांचा आहे, आणि फक्त आपल्या राज्याचाही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्तीसगडच्या जशपूर जिल्ह्यातल्या एका तरुण महिला सरपंचाला बांधकामांना उशीर झाला म्हणून काढल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तेव्हा न्यायालयाने तिला पद परत दिलंच, शिवाय राज्य सरकारला तिला एक लाख रुपये द्यायला लावले. २०२५ मध्ये रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातल्या ऐनघरच्या महिला सरपंचालाही तिथूनच पद परत मिळालं. एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचते, याचा अर्थ खालची पायरी आपलं काम करत नाही.

आता राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार. राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण त्या बाजारात आले होते. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव हिंडणं हे या भटक्या जमातीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून राज्यभर पसरल्या होत्या. परक्या भागातली, वेगळ्या बोलीची, वेगळ्या वेशाची माणसं पाहून कुणीतरी संशय घेतला. गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेण्यात आलं आणि तिथे लाथा, काठ्या, हाताला येईल त्याने मारून जीव जाईपर्यंत सोडलं नाही. हे घडत असताना लोक मोबाईलवर चित्रण करत होते. माणसाला वाचवण्यासाठी जे हात पुढे यायला हवे होते त्यांत फोन होते. ते चित्रण महाराष्ट्राने पाहिलं.

दोन दिवसांनी, ३ जुलैला, सर्वोच्च न्यायालयात तेहसीन पूनावाला विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाची सुनावणी संपली आणि निकाल राखून ठेवला गेला. मूळ याचिका गोरक्षणाच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेविरुद्ध होत्या, आणि याचिका करणाऱ्यांत महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधीही होते. त्याच विषयात न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्येच प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ पोलीस अधिकारी नोडल अधिकारी म्हणून नेमायला सांगितलं होतं. तो आदेश गोरक्षकांच्या हिंसेपुरता होता. पण कुठल्या भागात काय अफवा चालल्या आहेत यावर जिल्हा पातळीवर कुणीतरी डोळा ठेवायचा, ही कल्पना राईनपाड्याच्या आधी दहा महिने कागदावर आलेली होती.

१७ जुलै २०१८ ला निकाल आला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्यायमूर्ती खानविलकर आणि चंद्रचूड यांनी झुंडबळींबाबत सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसेल असा नोडल अधिकारी, अफवांची माहिती काढणारं विशेष पथक, जमाव पांगवण्याची पोलिसांवर जबाबदारी, मृतांच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीवरून लोकांना इशारा. जो अधिकारी टाळाटाळ करेल त्याच्यावर कारवाई. खटले जलदगती न्यायालयात रोज चालवायचे आणि शक्यतो सहा महिन्यांत संपवायचे. संसदेने झुंडबळीसाठी वेगळा गुन्हा निर्माण करावा, अशी शिफारसही केली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

राईनपाड्याचा निकाल धुळ्याच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सात जणांना जन्मठेप झाली. सरकारच्या बाजूने मूळचे जळगावचेच असलेले उज्ज्वल निकम उभे होते. घटनेपासून निकालापर्यंत साडेपाच वर्षं गेली. सहा महिन्यांची ती अपेक्षा हुकायला मध्ये आलेली कोरोनाची साथ हे एक कारण झालं, पण तेच एकमेव नाही. जमावाने केलेला खून सिद्ध करणं हे फौजदारी कायद्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे.

बाजारात शेकडो माणसं असतात. मारणारे किती, पाहणारे किती, अडवायला पुढे गेलेले कोण? तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम १४९ खाली बेकायदा जमावातला प्रत्येक सदस्य जमावाच्या समान उद्देशाने झालेल्या गुन्ह्याला जबाबदार असे. त्याने स्वतः काठी उगारली नसली तरी. पण तो त्या जमावाचा घटक होता, नुसता बघ्या नव्हता, हे सिद्ध करावं लागतं. १९६४ च्या मसल्ती निकालापासून न्यायालयं एक सावधगिरी पाळतात: अशा मोठ्या जमावाच्या गुन्ह्यात एखाद्या आरोपीला किमान दोन-तीन साक्षीदारांनी एकसारखं ओळखलं तरच शिक्षा. निरपराध माणूस गर्दीत अडकू नये म्हणून ती गरजेचीच आहे. पण साक्षीदार कुठून आणायचे? साक्ष द्यायची ती आपल्याच गावातल्या, आपल्याच भावकीतल्या माणसाविरुद्ध. मेलेले पाच जण तर तिकडचे, दूरचे, पुन्हा कधी न येणारे.

मग उरतं मोबाईलवरचं चित्रण, आणि तिथे आपल्या शेजारच्या जालन्यातून गेलेला एक निकाल आडवा येतो. विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या तेव्हाच्या कायद्यातल्या कलम ६५ब चा अर्थ पक्का केला. मूळ फोन न्यायालयात हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रश्न नाही. पण चित्रणाची नक्कल द्यायची असेल तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचं प्रमाणपत्र लागतंच. म्हणजे झुंडबळीच्या तपासात पहिल्या चोवीस तासांत पोलिसांनी करायचं काम म्हणजे ते फोन जप्त करणं. चित्रण एका फोनवरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून दहाव्यावर गेलं, की लाखो लोकांनी पाहिलेला पुरावा न्यायालयात उभा राहताना लंगडतो. ठाण्यातल्या हवालदाराला हे ठाऊक असणं हेही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खाली पोचण्याचंच एक रूप आहे.

पूनावाला निकालाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १६ एप्रिल २०२० ला, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर असल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. पुन्हा आदिवासी भाग, पुन्हा अफवा, पुन्हा परकी माणसं. अफवा पकडणारं पथक आणि नोडल अधिकारी यांची योजना नेमकी अशाच भागासाठी होती.

वेगळ्या गुन्ह्याची शिफारस संसदेने भारतीय न्याय संहितेत मानली. अमेरिकेला असा देशपातळीवरचा कायदा करायला पहिल्या विधेयकापासून, म्हणजे १९०० पासून, २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या मानाने आपण लवकर पोचलो. संहितेचं कलम १०३(२) १ जुलै २०२४ ला लागू झालं, राईनपाड्याच्या हत्याकांडाला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच अन्य कारणावरून खून केला तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप.

हे कलम राईनपाड्यावर ठेवून पाहिलं की त्यातली फट दिसते. त्या पाच जणांना मारलं ते मुलं पळवणारे समजून. कायद्याच्या यादीत अफवा नाही. बचावाचा वकील म्हणेल, जातीवरून किंवा भाषेवरून मारलेलं नाही, संशयावरून मारलं, म्हणून हे साध्या खुनाचं कलम १०३(१). सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागेल की संशय आला तोच मुळी त्यांच्या वेशामुळे, बोलीमुळे, भटक्या समाजाचे असल्यामुळे. माझ्या मते ते सत्यच आहे. बाजारात आलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्यावर कुणी मुलं पळवल्याचा संशय घेतला नसता. पण ‘तशाच अन्य कारणावरून’ या शब्दांत हे सत्य बसतं की नाही, हे पुढेमागे सर्वोच्च न्यायालयालाच ठरवावं लागेल, आणि त्यासाठी पुन्हा एखाद्या गावातून एखादा खटला वर जावा लागेल.

तोवर वाचकाच्या हातात दोन गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्याचा झुंडबळीविरोधी नोडल अधिकारी कोण आणि त्याने गेल्या वर्षभरात किती बैठका घेतल्या, हे माहितीच्या अधिकारात साध्या अर्जाने पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारता येतं. आणि एखाद्या सदस्य महिलेला कलम १४ ची नोटीस आलीच, तर पहिल्या तारखेलाच जिल्हाधिकाऱ्यांसमोर दोन कागद ठेवावेत: जागेवर जाऊन पंचनामा करण्याची लेखी मागणी आणि विचखेडा निकालाची प्रत. सर्वोच्च न्यायालय आता आपले निवडक निकाल मराठीतही प्रसिद्ध करतं. मराठी प्रत मिळाली नाही तर इंग्रजी जोडावी, आणि दोन्ही कागद मिळाल्याची नोंद रोजनाम्यात करून घ्यावी, म्हणजे नाशिकला अपिलात जायची वेळ आली तर ते आधीपासून दप्तरात असतील.